दश्श्या काढलेला ब्लॅकजॅक: ‘स्पॅनिश २१’बद्दल तुमचे प्रश्न

साध्या ब्लॅकजॅकवर, म्हणजे २१ च्या वर न जाता डीलरपेक्षा (कॅसिनोतर्फे खेळणाऱ्यापेक्षा) जास्त बेरीज जमवायच्या पत्त्यांच्या खेळावर, लिहिताना मी मागे एका वाक्यात ‘स्पॅनिश २१’चा उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या पत्रांचा गठ्ठा पाहून या वेळचं सगळं सदर त्याच खेळाला द्यायचं ठरवलं. मी संभाव्यता शिकवते. हा खेळ वर्गात मला फार उपयोगी पडतो, कारण एक छोटासा बदल सगळ्या हिशेबावर कसा परिणाम करतो ते यात डोळ्यांना दिसतं. जिथे आकडे टेबलाच्या नियमावर अवलंबून आहेत, तिथे डीलर सॉफ्ट १७ वर, म्हणजे एक्का ११ धरून झालेल्या १७ वर, आणखी पान घेतो असं मी गृहीत धरलं आहे. बहुतेक ठिकाणी हाच नियम भेटेल.

प्रश्न : या खेळात खेळाडूचे २१ झाले की तो जिंकलाच, डबल कितीही पानांवर करता येतं, वर बोनसही मिळतो असं ऐकलं. इतकं सगळं देऊन कॅसिनोला काय मिळतं? नियम एकदा नीट सांगा.

कॅसिनोला मिळतात त्या दश्श्या. प्रत्येक कॅटमधून चारही दश्श्या काढून टाकलेल्या असतात. गुलाम, राणी, राजा जागेवरच असतात आणि त्यांची किंमत दहाच असते. म्हणजे कॅट ५२ ऐवजी ४८ पानांचा. असे सहा किंवा आठ कॅट एकत्र पिसून खेळतात. अमेरिकेत १९९५ मध्ये हा खेळ आला. त्याचे हक्क मास्क पब्लिशिंग या कंपनीकडे आहेत.

चार पानं गेली तर एवढं काय बिघडतं, असं वाटेल. साध्या कॅटमध्ये दहा किमतीची पानं ५२ पैकी १६, म्हणजे ३०.८ टक्के. इथे ४८ पैकी १२, म्हणजे बरोबर २५ टक्के. ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दहा किमतीचं पान, साध्या खेळात साधारण २१ डावांत एकदा येतो, इथे २४ डावांत एकदा. ब्लॅकजॅकवर दीडपट पैसे फक्त खेळाडूला मिळतात, डीलरला नाही, त्यामुळे तो दुर्मीळ झाला की नुकसान आपलं. अकरावर डबल केलं, म्हणजे पैज दुप्पट करून एकच पान घेतलं, की आपण चित्राच्या पानाची वाट पाहतो, तेही कमी येतं. शिवाय डीलरला १६ वर पान घ्यावंच लागतं. साध्या खेळात तो तिथे १३ पैकी ८ वेळा बुडतो, म्हणजे २१ च्या वर जातो, इथे १२ पैकी ७ वेळा. म्हणजे साडेएकसष्ट टक्क्यांवरून अठ्ठावन्नवर. हे सगळं मिळून खेळाडूला सुमारे दोन टक्क्यांचा फटका बसतो.

तो फटका भरून काढण्यासाठी बाकीचे नियम सैल केलेले आहेत. खेळाडूचे २१ नेहमी जिंकतात, डीलरचेही २१ झाले तरी. खेळाडूचा ब्लॅकजॅक डीलरच्या ब्लॅकजॅकला हरवतो आणि दीडपट देतो. डबल दोन पानांवर, तीनवर, पाचवर, केव्हाही करता येतं. जोडी फोडून, म्हणजे सारख्या दोन पानांचे वेगळे डाव करून, चार डावांपर्यंत जाता येतं, एक्केसुद्धा पुन्हा फोडता येतात, आणि फोडलेल्या एक्क्यांवर पान घेता येतं, डबलही करता येतं. साध्या खेळात फोडलेल्या एक्क्यावर बहुधा एकच पान मिळतं, हे आठवा. डीलरकडे ब्लॅकजॅक नाही हे पाहून झाल्यावर अर्धी पैज सोडून सरेंडर करता येतं.

मग बोनस. पाच पानांत २१ झाले तर दीडपट, सहा पानांत दुप्पट, सात किंवा जास्त पानांत तिप्पट. ६-७-८ किंवा ७-७-७ या तीन पानांनी २१ झाले तर दीडपट, तिन्ही पानं एकाच रंगाची म्हणजे तिन्ही बदाम किंवा तिन्ही किलवर असली तर दुप्पट, आणि तिन्ही इस्पिक असली तर तिप्पट. एक अट मात्र पक्की लक्षात ठेवा: डबल केलेल्या डावाला हे बोनस मिळत नाहीत. पुढचं निम्मं डावपेच या एका अटीतून निघतं.

सगळे नियम जमेस धरून, आणि प्रत्येक डाव बरोबर खेळून, कॅसिनोची बाजू, म्हणजे पैजेतला सरासरी त्याच्याकडे जाणारा वाटा, सुमारे ०.७६ टक्के उरते. साध्या ब्लॅकजॅकची चाल इथे तशीच खेळलात तर दश्श्यांचा फटका पूर्ण बसतो आणि भरपाई मात्र अर्धीमुर्धीच हाती येते.

प्रश्न : डीलरचं उघडं पान छक्की, माझे १२. मी थांबलो, तर शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, ‘इथे बारावर थांबायचं नसतं.’ आजवर वाचलेल्या प्रत्येक तक्त्यात तर थांबा असंच लिहिलंय.

ते तक्ते ५२ पानांच्या कॅटचे आहेत. तुमचे शेजारी बरोबर बोलले. स्पॅनिश २१ मध्ये १२ वर कधीच थांबायचं नाही, डीलरकडे कुठलंही पान असो.

थांबण्यामागचा विचार असा असतो की डीलर छक्कीवर अडखळेल. साध्या खेळात तो १०० पैकी ४४ च्या आसपास वेळा बुडतो. दश्श्या काढल्यावर हा आकडा ४० वर येतो. म्हणजे थांबलात तर ४० वेळा जिंकता, ६० वेळा हरता. १०० रुपयांच्या पैजेला सरासरी २० रुपये गेले. आता पान घेऊन बघा. १२ वर तुम्हाला बुडवणारी पानं फक्त चित्रं: ४८ पैकी १२, चारांत एकदा. पंजीपासून नव्वीपर्यंतचं कुठलंही पान तुम्हाला १७ ते २१ मध्ये नेतं, आणि ती ४८ पैकी २० आहेत. त्यातही नव्वी आली तर २१, म्हणजे डीलर काहीही करो, पैसे तुमचे. मी हिशेब केला तेव्हा पान घेणाऱ्याचं नुकसान सरासरी १४ रुपयांच्या जवळ आलं. नुकसान दोन्हीकडे आहे, पण २० आणि १४ यात फार फरक आहे. डीलरची दुर्री असेल तर तो १०० पैकी ३२ वेळाच बुडतो, तिथे थांबणं आणखीच महाग.

बाकीच्या अवघड बेरजाही इथेच सांगून टाकते. १३ वर पान घ्यायचं, फक्त छक्कीसमोर थांबायचं. १४ वर दुर्री-तिर्रीसमोर घ्यायचं, चव्वी-पंजी-छक्कीसमोर थांबायचं. १५ आणि १६ वर २ ते ६ समोर थांबायचं, सातपासून पुढे घ्यायचं. डीलरचा एक्का असेल तर १६ आणि १७ दोन्ही सरेंडर. सतरा सोडून देताना हात जड होतो हे मला ठाऊक आहे, तरी सोडा. अठ्ठ्यांची जोडीसुद्धा एक्क्यासमोर फोडायची नाही, सरेंडर करायची.

प्रश्न : तक्त्यात काही चौकटींत ‘थांबा, पण चार पानं असतील तर घ्या’ असं दिसतं. बेरीज तीच, मग पानांच्या संख्येने काय फरक पडतो?

हा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण या खेळाची खरी गंमत इथेच आहे. साध्या ब्लॅकजॅकमध्ये १५ म्हणजे १५, तो कसा झाला याला जवळजवळ काही अर्थ नसतो. इथे तो कसा झाला यावर चाल बदलते.

डीलरचं उघडं पान दुर्री. तुमच्याकडे नव्वी आणि छक्की, बेरीज १५. थांबलात तर १०० च्या पैजेला सरासरी ३६ जातात. पान घेतलंत तर ३७ च्या आसपास. फरक केसाएवढा आहे, पण थांबणं बरं. आता तोच १५, पण पानं सत्ती आणि अठ्ठी. समोर तीच दुर्री. आता छक्की आली तर नुसते २१ होत नाहीत, ६-७-८ होतात आणि निदान दीडपट पैसे मिळतात. बारा प्रकारच्या पत्त्यांतल्या एका पानाची किंमत अशी दीडपट झाली की काटा झुकतो: पान घेण्याचं सरासरी नुकसान ३३ पर्यंत खाली येतं. म्हणून सत्ती-अठ्ठीवर घ्यायचं, नव्वी-छक्कीवर थांबायचं.

चार पानांच्या पंधराचंही असंच. समजा २-३-४-६ अशी पानं जमली. पुढचं पान पाचवं असेल. छक्की आली तर पाच पानांचे २१, पुन्हा दीडपट. म्हणून दुर्रीसमोर घ्यायचं. छक्की-सत्तीचे १३ डीलरच्या छक्कीसमोर, छक्की-अठ्ठीचे १४ चव्वीसमोर, ही सगळी याच घरातली भावंडं. तक्ता पाठ करण्याआधी हे कारण समजून घ्या, मग निम्म्या चौकटी आपोआप आठवतील: चाल मुळातच काठावर आहे का, आणि पुढचं एखादं पान बोनस देऊ शकतं का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर पान घ्या. छक्कीसमोर तुमचे १६ असतील तर ती चाल काठावर नाही. तिथे पाचव्या पानाच्या मोहात पडू नका, थांबा.

याच कारणाने डबलचीही चाल बदलते. अकरा दोन पानांत झाले असतील तर डीलरकडे काहीही असो, डबल करा. पण तेच अकरा पाच पानांत झाले असतील तर नुसतं पान घ्या. चित्र आलं तर सहा पानांचे २१, दुप्पट बोनस, आणि नको ते पान आलं तर पुढचं घ्यायची मोकळीक. डबल केलंत तर दोन्हीला मुकाल. दहावर दोन पानं असताना २ ते ८ समोर डबल करायचं, नवावर फक्त छक्कीसमोर. इथेही साध्या खेळाच्या सवयीला मुरड घालावी लागते, कारण डबलनंतर हवं असलेलं चित्र आता चारांत एकदाच येतं.

प्रश्न : पाच पानं झाली आणि बुडलो नाही, तर आपण जिंकतो ना? आम्ही घरी तसंच खेळत आलोय.

तुम्ही घरी खेळता तो ब्रिटिश पाँटून. त्यात पाच पानं न बुडता जमली की ती एक्का-चित्राच्या पाँटूनखालोखाल सगळ्यांना हरवतात, बेरीज कितीही असो. स्पॅनिश २१ मध्ये असा नियम नाही. पाच पानांची बेरीज १८ झाली आणि डीलरचे १९ झाले तर तुम्ही हरलात. बोनस फक्त बरोबर २१ वर. गोंधळात भर म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या कॅसिनोंमध्ये पाँटून नावाने जो खेळ चालतो तो या ब्रिटिश पाँटूनपेक्षा स्पॅनिश २१ च्या जवळचा आहे: त्यातही दश्श्या नसतात, फक्त डीलर सुरुवातीला झाकलेलं पान घेत नाही. नाव ऐकून बसू नका, टेबलावरचे नियम वाचा.

प्रश्न : डबल केल्यावर डीलरने विचारलं, ‘रेस्क्यू?’ मला काहीच कळेना, मी घाईने नाही म्हटलं. हे काय असतं आणि केव्हा वापरायचं?

घाईत उत्तर द्यावं लागू नये म्हणून हे टेबलावर बसण्याआधीच पक्कं करून ठेवावं. हिशेब इतका सोपा आहे की दहावीतल्या मुलालाही करता येईल.

समजा १० डॉलरची पैज आहे. तुमच्याकडे छक्की आणि पंजी, ११. डीलरची नव्वी. तुम्ही आणखी १० ठेवून डबल केलंत आणि आली दुर्री. बेरीज १३. आता दुसरं पान मिळणार नाही. डीलर बुडला तरच जिंकाल. रेस्क्यू म्हणजे या क्षणी डाव सोडायचा: मूळचे १० गेले, डबलसाठी ठेवलेले १० परत.

सोडलं तर नुकसान पक्के १०. नाही सोडलं तर डीलर बुडल्यावर २० मिळतील, नाहीतर २० जातील. दोन्ही पारडी सारखी होतात ती डीलर बरोबर चारांत एकदा बुडत असेल तेव्हा. त्याहून कमी बुडत असेल तर सोडावं, जास्त बुडत असेल तर राहावं. आता उघड्या पानानुसार डीलरच्या बुडण्याची शक्यता पाहा. सत्तीवर सुमारे २६.६ टक्के. अठ्ठीवर २४.७. नव्वीवर २३ च्या जवळ. चित्रावर, ब्लॅकजॅक नाही हे पाहून झाल्यावर, तेवढीच. २५ ची रेघ सत्ती आणि अठ्ठीच्या बरोबर मधून जाते. म्हणून डबलनंतर बेरीज १६ किंवा कमी असेल आणि डीलरकडे ८, ९, चित्र किंवा एक्का असेल तर रेस्क्यू मागायचा. सत्तीसमोर आणि त्याखाली राहायचं. एक्क्यासमोर १७ झाले तरी रेस्क्यूच.

अठ्ठीसमोर फायदा नाममात्र आहे, नव्वीसमोर मात्र वरच्या उदाहरणात राहिलात तर सरासरी १०.८ डॉलर जातात आणि सोडलंत तर १०. डाव अजून संपलेला नसताना पैसे परत उचलणं पुष्कळांना कमीपणाचं वाटतं. त्यात कमीपणा काही नाही, तो नियम तुमच्यासाठीच ठेवलाय आणि दश्श्यांच्या भरपाईचा तो एक हप्ता आहे.

प्रश्न : डीलरचा एक्का उघडा असताना इन्शुरन्स घ्यावा का?

नाही. कधीच नाही. इन्शुरन्स ही डीलरचा ब्लॅकजॅक निघेल यावर लावलेली वेगळी पैज. ती दुप्पट देते, म्हणजे झाकलेलं पान तीनांत एकदा चित्र असेल तर बरोबरी होईल. साध्या खेळात ते ३०.८ टक्के असतं आणि तरी आपण साडेसात टक्क्यांच्या आसपास गमावतो. इथे ते २५ टक्के आहे. चार वेळा १० लावा, एकदा २० मिळाले, तीनदा १० गेले. ४० लावून १० गेले, म्हणजे सरळ २५ टक्के. या टेबलावर याहून वाईट जागी पैसे ठेवायला फार शोधावं लागेल. शिवाय तुमच्याकडे ब्लॅकजॅक असेल तर इन्शुरन्सची गरजच काय? तो डीलरच्या ब्लॅकजॅकलाही हरवतोच.

प्रश्न : तीन एकाच रंगाच्या सत्त्या आणि डीलरचीही सत्ती असेल तर मोठं बक्षीस असतं म्हणे. त्यासाठी पैज वाढवावी का?

याला सुपर बोनस म्हणतात. ५ ते २४ डॉलरच्या पैजेला १,००० डॉलर, २५ किंवा जास्त पैजेला ५,००० डॉलर, आणि टेबलावरच्या इतर खेळाडूंना प्रत्येकी ५० डॉलर. ऐकायला घसघशीत वाटतं. आता शक्यता मोजू या, मला हे गणित मुलांना फळ्यावर करून दाखवायला फार आवडतं.

सहा कॅट, २८८ पानं. बदामाच्या सत्त्या सहा. त्यातल्या तीन निवडायच्या रीती २०. चार रंगांच्या मिळून ८०. २८८ पानांतून कुठलीही तीन पानं निवडायच्या रीती ३९,३९,९३६. उरलेल्या २८५ पानांत सत्त्या २१, त्यातली एक डीलरसमोर यायला हवी. सगळं गुणून उत्तर येतं ६,६८,३८२ डावांत एकदा. आठ कॅट असतील तर ५,४९,१८८ डावांत एकदा. तासाला ६० डाव धरले तर सहा कॅटच्या टेबलावर अकरा हजार तासांहून जास्त.

५ डॉलरच्या पैजेला १,००० म्हणजे २०० पट. दोनशेला ६,६८,३८२ ने भागा, शेकडा ०.०३ पडतात. यासाठी पैज वाढवण्यात अर्थ नाही. एकच सल्ला: एकाच रंगाच्या दोन सत्त्या आल्या आणि डीलरची सत्ती असेल, तर एरवी फोडली असती ती जोडी फोडू नका, पान घ्या. वेगवेगळ्या रंगांच्या असतील तर फोडा.

बाकी जोड्यांचं थोडक्यात: एक्के नेहमी फोडा. चित्रांच्या जोड्या, चव्व्या आणि पंज्या कधीच फोडू नका. छक्क्या फक्त ४ ते ६ समोर.

प्रश्न : साध्या ब्लॅकजॅकची हाय-लो मोजणी मला येते. तीच इथे चालेल?

सुरुवात बदलावी लागेल. हाय-लोमध्ये दुर्री ते छक्कीला अधिक एक, दहा किमतीची पानं आणि एक्क्याला उणे एक. साध्या कॅटमध्ये अधिकची २० आणि उण्याची २०, शेवटी शून्य. इथे अधिकची २०, पण उण्याची १२ चित्रं आणि ४ एक्के मिळून १६. प्रत्येक कॅटमागे चारचा फरक राहतो. शून्यापासून मोजायला लागलात तर सहा कॅट संपेपर्यंत मोजणी २४ वर जाऊन पोचेल आणि मधल्या वाटेत तुम्हाला उगाच वाटत राहील की पत्ते आपल्या बाजूचे झाले. म्हणून सहा कॅटना सुरुवात उणे २४ पासून, आठ कॅटना उणे ३२ पासून. काढून टाकलेल्या दश्श्या आधीच बाहेर पडल्यात असं धरायचं, एवढंच.

पण खरं सांगते, बरोबर चाल पाठ नसताना मोजणी शिकण्यात वेळ घालवू नका. पानांच्या संख्येवर बदलणाऱ्या चाली सांभाळत मोजत राहणं साध्या खेळापेक्षा बरंच अवघड आहे.

प्रश्न : हरलो की पैज दुप्पट करायची, एकदा जिंकलो की सगळं भरून निघतं. या खेळात २१ कधी हरत नाही, तर ही युक्ती इथे जास्त चालेल का?

नाही, आणि कृपा करून करू नका. १० पासून दुप्पट करत गेलात तर सातवी पैज ६४० ची होते आणि सातही हरलात तर एकूण १,२७० जातात, तेही सुरुवातीचे १० मिळवण्यासाठी. समान शक्यतेचं नाणं उडवलं तरी सलग सात वेळा हरणं १२८ त एकदा येतंच, आणि ब्लॅकजॅकमध्ये बरोबरीचे डाव सोडले तर हरणारे डाव निम्म्याहून जास्त असतात. त्यात टेबलावर पैजेची कमाल मर्यादा असते, ती तुम्हाला पुढची दुप्पट लावूच देत नाही. कॅसिनोची ०.७६ टक्क्याची बाजू पैज कशीही बदलली तरी तेवढीच राहते. १० डॉलरने तासाला ६० डाव खेळलात, प्रत्येक चाल अचूक, तर सरासरी साडेचार डॉलर जातील. तो करमणुकीचा खर्च समजून आधीच बाजूला काढता येत असेल तर खेळा. हरलेले पैसे परत मिळवायला म्हणून कुणी बसणार असेल तर त्याने बसूच नये, हे मी प्रत्येक पत्राला स्वतंत्रपणे लिहिलंय आणि इथेही लिहिते.

प्रश्न : साधा ब्लॅकजॅक आणि स्पॅनिश २१ शेजारी शेजारी असतील तर कुठे बसावं?

साध्या टेबलावर ब्लॅकजॅकला काय मिळतं ते आधी वाचा. दीडपट मिळत असेल आणि इतर नियम ठीक असतील तर साधा खेळ शिकायला सोपा आणि बाजूही जवळपास तेवढीच किंवा कमी. पण पुष्कळ टेबलांवर आता ६:५ दराने देतात, म्हणजे १० ला १५ ऐवजी १२. एवढ्यानेच कॅसिनोची बाजू जवळजवळ १.४ टक्क्यांनी वाढते. अशा टेबलापेक्षा स्पॅनिश २१ पुष्कळ बरा, अर्थात त्याची चाल येत असेल तर. स्पॅनिशमध्येही डीलर सॉफ्ट १७ वर थांबत असेल किंवा डबलवर पुन्हा डबल करू देत असतील, तर बाजू ०.४ टक्क्यांच्या आसपास येते. असं टेबल मिळालं तर तेच निवडा. चाल मात्र त्या नियमाच्या तक्त्यानुसार थोडी बदलेल.

प्रश्न : पैसे न लावता घरी सराव करायचा आहे. कशी सुरुवात करू?

दोन कॅट घ्या, आठही दश्श्या काढून बाजूला ठेवा. जोकर तर काढालच. पैजेला बटणं पुरतात. दोन कॅटमध्ये एकाच रंगाच्या तीन सत्त्या येऊच शकत नाहीत, त्यामुळे तो बोनस विसरा. बाकी खेळ चांगला कळतो.

पहिल्या दिवशी डाव खेळू नका. डीलरचं एक पान उघडं ठेवा, समजा छक्की. स्वतःला दोन-दोन पानं वाटत जा आणि प्रत्येक जोडगोळीवर मोठ्याने चाल बोला: घेते, थांबते, डबल, फोडते. १२ आले की ‘घेते’ हे न अडखळता तोंडून येईपर्यंत छक्की हलवू नका. साधा ब्लॅकजॅक येणाऱ्यांना इथे सगळ्यात जास्त वेळ लागतो. मग छक्कीच्या जागी दुर्री ठेवा आणि १५ वर लक्ष द्या: नव्वी-छक्की की सत्ती-अठ्ठी. त्यानंतर तीन आणि चार पानांचे डाव, आणि सगळ्यात शेवटी डबल करून रेस्क्यूचा सराव, डीलरच्या पानाला आधी सत्ती आणि मग अठ्ठी ठेवून.